संत्र्याच्या फुलांचा अभ्रा

भावाच्या नातीचं लग्न अकोल्याला होतं. लॉनचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. ऑटोतून उतरले तर कमानीवर प्लास्टिकची फुलं, आत विकत आणून अंथरलेली हिरवळ आणि कानठळ्या बसवणारं गाणं. आपण कुठं आलोय याचा मला पत्ताच लागेना. जेवणाच्या मांडवाकडे वळताना मागच्या भिंतीपलीकडे विटांचं एक उंच धुराडं दिसलं, वरचा तुकडा पडलेला, आणि मी होते तिथंच उभी राहिले. हा आमचा जिन होता, कापसाचा कारखाना. पाणीपुरीचा ठेला लावला होता साधारण तिथंच आमच्या क्वार्टरचं दार होतं. लग्न होऊन मी त्या दारातून आत गेले होते आणि कडेवर लेक घेऊन त्याच दारातून आफ्रिकेला निघाले होते.

भाच्यानं मला खुर्चीवर बसवलं आणि येईल त्याला सांगत सुटला, "या आमच्या आत्या. तुम्ही-आम्ही जन्मलोही नव्हतो तेव्हा आफ्रिकेत राहून आल्या, बोला! काकांनी जग दाखवलं त्यांना."

लोक माना डोलवत होते. एक बाई म्हणाल्या, "नशीबवान हो तुम्ही!" मी हसले. काय करणार? लग्नघरी आलेलं माणूस हसतं. पण तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती काही त्या दिवसाची नव्हती. जग दाखवलं म्हणे! हात धरून जत्रा दाखवायला नेलं होतं जणू. हे जाऊन बरीच वर्षं झाली, आता भांडायलाही समोर कुणी नाही, म्हणून निदान लिहिते.

तो जिन होता तेव्हा इथं गाणं लागायचं नाही, भोंगा व्हायचा. दसरा सरला की रेचे सुरू व्हायचे. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र. असे पुष्कळ रेचे एका ओळीत धडधडत असायचे आणि ती धडधड जमिनीतून आमच्या क्वार्टरच्या फरशीत यायची, फरशीतून पाटात, पाटातून अंगात. माझी मंदा त्या आवाजावरच झोपायची. सुट्टीच्या दिवशी रेचे बंद असले की दचकून उठायची आणि रडायची. आमटीत कापसाचे तंतू, केसांत तंतू, उंबऱ्यातल्या रांगोळीवर तंतू. झाडून झाडून हात दुखायचे, तरी सूर्य कलला की खिडकीच्या उजेडात ते तरंगताना दिसायचे आणि मी झाडू हातात घेऊन नुसती बघत राहायची.

बाहेर रस्त्यावर बंड्यांची रांग. बाळापूरकडून, पातूरकडून कापूस भरून आलेल्या बैलबंड्या नंबर लागेपर्यंत भिंतीला लागून थांबायच्या. शेतकरी तिथंच गोवऱ्या पेटवून रोडगे भाजायचे. भाजलेल्या कणकेचा वास, बैलांच्या शेणाचा, सरकीचा, गरम वंगणाचा. सगळे मिळून एक वास होता. तो कुठल्याही अत्तरवाल्याकडे मिळणार नाही, आणि मला तर आता स्वप्नातही येत नाही. यातल्या एखाद्या बंडीवर माझे बाबाही असायचे. बाळापूरच्या पुढं, मन नदीच्या काठाला आमची काळी जमीन. जिनात जावई मिस्त्री होता, पण बाबा आपला नंबर कधी पुढं घ्यायचे नाहीत. माझ्या दाराशी यायचे, मंदाला खांद्यावर घ्यायचे आणि तिला घेऊन बैलांजवळ जाऊन बसायचे.

आफ्रिकेची बातमी मला सांगितली जनाबाईनं. जनाबाई रेच्याखाली सांडलेला कापूस गोळा करायची, आणि जाता-येता माझ्याकडे पाणी प्यायला थांबायची. त्यांच्या घरी नुकतीच बुद्धाची तसबीर लागली होती आणि तिनं धाकट्या लेकीला शाळेत घातलं होतं. लेकीची पाटी कधी कधी माझ्याकडे घेऊन यायची, बरोबर लिहिलंय का बघायला. त्या दिवशी उंबऱ्यावर बसून तिनं तांब्या खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "वयनी, तुमी आफ्रिकेले जाऊन राहिल्या म्हन्ते."

"कोण म्हणतं?"

"अख्खा जिन म्हन्ते. मिस्त्रीसायबाले तथी मोठ्या जिनात काम लागलं म्हनून पेढे वाटले नं काल."

पेढे! जिनात पेढे वाटून झाले होते, फाटकावरच्या राखणदारानं खाल्ले होते, आणि माझ्या घरात मात्र आदल्या रात्री मुकाट्यानं वांग्याची भाजी झाली होती. जनाबाईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती उठली नाही. हळूच म्हणाली, "वयनी, तुमच्या मनात हाये का जायाचं?"

तोवर मी माझ्या मनात डोकावलेच नव्हते. डोकावायला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढं निघेपर्यंत सासर-माहेर, शेजारीपाजारी, अमरावतीचे मामा-मामी, सगळे भेटले. कुणी म्हणालं तिथं सिंह असतात, कुणी म्हणालं सोनं स्वस्त असतं, कुणी म्हणालं पोरगी इंग्रजी बोलेल. तो प्रश्न मला पुन्हा कुणीही विचारला नाही.

संध्याकाळी मी ह्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि विचारलं. ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "सांगनारच होतो तुले. सारं ठरू दे म्हनलं, मंग सांगू. उगीच तुह्या डोक्याले ताप काहून द्याचा?"

"जायचं मलाही आहे ना?"

"मंग? तुले टाकून जाईन काय मी?" हे खरोखरच आश्चर्यानं म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. हीच तर अडचण आहे. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

पासपोर्टचा फोटो काढायला आम्ही अमरावतीला गेलो. फोटो अकोल्यातही निघाला असता, पण मामा-मामींचा निरोप घ्यायचा होता, आणि मला एकदा अमरावती डोळे भरून बघायची होती. मी हायस्कूल तिथं केलं, मामांकडे राहून. बडनेऱ्याला गाडी बदलली की माझी छाती आपोआप रुंद व्हायची. टांग्याच्या घोड्याच्या गळ्यातले घुंगरू, जवाहर गेटमधून आत शिरलं की अंगावर येणारी गार सावली, अंबादेवीच्या वाटेवरचे हळदीकुंकवाचे ढीग. उन्हाळ्यात मामी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडायची आणि त्या ओल्या वासात मी दुपारभर वाचत पडायची. त्या गावात मी माझी मी होते. कुणाची मुलगी म्हणून नाही आणि कुणाची बायको म्हणून तर नाहीच. वर्गात माझं नाव पुकारलं जायचं आणि मी 'हजर' म्हणायची.

शिवणाच्या बाई फार कडक होत्या. टाका वाकडा गेला की उसवायला लावायच्या. एकदा माघात मामा आम्हाला शेंदूरजनाघाटला त्यांच्या स्नेह्यांच्या संत्राबागेत घेऊन गेले. बहर आला होता. पांढरी जाडसर फुलं, आणि वास असा की बोलणं सुचू नये. पलीकडे सातपुड्याचे डोंगर निळे दिसत होते. मी ओंजळभर फुलं रुमालात बांधून आणली आणि परत आल्यावर ती सुकायच्या आत कागदावर गिरवून घेतली. मग फिक्या हिरव्या कापडावर पांढऱ्या रेशमानं भरली. महिना-दीड महिना लागला. पाकळीची घडी जमेना, उसवलं, पुन्हा भरलं. बाईंनी ते कापड हातात घेऊन उलटं केलं, मागचे टाके पाहिले आणि पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत. वर्गातल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या सगळ्या आयुष्यात टाळ्या तेवढ्याच. मंदा झाली तेव्हा त्या कापडाचा मी तिच्या उशीला अभ्रा शिवला.

फोटोवाल्यानं मला स्टुलावर बसवलं आणि ह्यांना म्हणाला, "बाईंना म्हणावं, मान जरा वर करा." हे मला म्हणाले, "मान वर कर." मी समोर दोन हातांच्या अंतरावर बसले होते, मला ऐकू येत होतं. नंतर कळलं, मला वेगळा पासपोर्ट नव्हताच. ह्यांच्या पासपोर्टात आतल्या पानावर माझा फोटो, आणि त्याखाली मंदाचं नाव. सोबतचं सामान. हायस्कूलमध्ये हजेरीला स्वतःचं नाव होतं त्या गावात बसून मी दुसऱ्याच्या पुस्तकातलं पान झाले.

आता उशीचं सांगायला हवं, नाहीतर मी एवढी का पेटले आहे ते कळणार नाही.

कपाशीला आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात. पऱ्हाटीची बोंडं फुटली, शेत पांढरं झालं, की वेचणी सुरू करण्याआधी सीतादही व्हायची. घरच्या बायका सकाळीच न्हाऊन शेतात जायच्या. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दगड धुऊन मांडायचे, हळदीकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि त्यातला घास मुठीनं पऱ्हाटीच्या ओळींत भिरकावायचा. दव वाळलेलं नसायचं. लुगड्याचे काठ भिजून पायाला चिकटायचे. दह्याचा आंबूस वास, ओल्या पानांचा वास आणि त्यावर नव्या कापसाचा कोरडा, उन्हासारखा वास. मग पहिला वेचा. आणि आमच्या घरी एक जास्तीची रीत होती. लेकीच्या पहिल्या लेकरासाठी आजोबा स्वतः कापूस वेचायचे, धोतराच्या ओच्यात. त्या कापसाची सरकी काढायची नाही. सरकीसकट उशीत भरायचा. लेकरू आधी मोहरीच्या उशीवर निजायचं आणि वर्षाचं झालं की या उशीवर.

तिला एक आवाज होता. लेकरानं मान वळवली की आतल्या सरक्या एकमेकींवर घासून कुरकुर करायच्या. बाबा म्हणायचे, "वावर बोलते बाई लेकराशी." वावर म्हणजे शेत. मंदा झोपेत कूस बदलायची, वावर काहीतरी बोलायचं, ती पुन्हा शांत व्हायची. त्या उशीत बाबांचा वेचा होता आणि वरून माझी संत्र्याची फुलं होती. घरातल्या सामानाची बांधाबांध सुरू झाली, पाटा-वरवंटा दिराकडे गेला, पितळी डबे नणंदेकडे, मी कशालाही हूं की चूं केलं नाही. फक्त एक सांगितलं. उशी माझ्या हातात राहील, ती मी ट्रंकेत टाकू देणार नाही.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलणार असं वाटलं, आणि मग सुतळी शोधायला गेले.

निघायच्या आधी चार दिवस माहेरी राहिले. माय माझ्या पाठीमागं पाठीमागं असायची. बाबा तुरीच्या शेंगा सोलत ओसरीवर बसायचे आणि दाणे मंदाच्या मुठीत भरायचे. निघायच्या दिवशी सकाळी माय म्हणाली, "उशी दे इकडं, जरा उन्हात घालतो. बोटीत दमट होईन." आमच्याकडे बायकाही 'घालतो', 'जातो' म्हणतात. मी दिली. दुपारी तिनंच ती मंदाच्या डोक्याखाली आणून ठेवली, उन्हानं गरम झालेली. अभ्रा हातानं सारखा केला, दोनदा केला. तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, आम्ही चाललो म्हणून.

मुंबई, मग बोट. मला लागली बोट, बाकी काही आठवत नाही. एवढं मात्र आठवतं की मंदा उशीवर डोकं ठेवायची, मान इकडून तिकडं करायची आणि उठून बसायची. उशी गप्प होती. मला वाटलं, इंजिनाच्या घरघरीत ऐकू येत नसेल. खारं वारं लागलं म्हणून मऊ पडली असेल. कापसाच्या मुलखातली मी, कापूस चाचपून प्रत कळायची मला, आणि मी म्हटलं वारं लागलं असेल! मन एकदा दुखावलेलं असलं की हाताला काही कळत नाही हेच खरं.

मोंबासाच्या धक्क्यावर रांग लागली. ऊन अकोल्यासारखंच, पण घाम न वाळणारा. टेबलामागच्या साहेबानं ह्यांचे कागद पाहिले, कापसाच्या जिनात नोकरी आहे हे वाचलं आणि विचारलं, बरोबर काही बियाणं, कापूस वगैरे? त्यांच्याकडे कापूस पिकत होता. परक्या मुलखातली कीड येऊ नये म्हणून बाहेरचा कापूस आत जाऊ देत नव्हते. हे मला तेव्हा, तिथं उभ्या उभ्या कळलं. ह्यांना नोकरी ठरली तेव्हापासून ठाऊक होतं.

मी उशी छातीशी धरली होती, वरून पदर घेतला होता. उशीकडे कुणाचं लक्षही नव्हतं. आणि ह्यांनी आपण होऊन माझ्याकडे बोट केलं. इंग्रजीत म्हणाले, लेकराची उशी आहे, कापसाची आहे, आपण ताब्यात घ्यावी. सरळ, स्वच्छ, नव्या नोकरीला शोभेल अशा आवाजात. ह्यांना वाटत असेल मला इंग्रजी कळणार नाही. अमरावतीच्या हायस्कूलमध्ये शिकले होते मी.

"अभ्रा तरी काढून घेऊ द्या," मी म्हटलं, मराठीत, ह्यांना. पण तोवर शिपायानं उशी घेतली होती आणि हे मला म्हणत होते, "लोक पाहून राहिले. चाल." शेडच्या मागं एक पिंप होतं, त्यात आधीच काही धुमसत होतं. उशी त्यात गेली. आधी अभ्रा पेटला. रेशीम आखडतं जळताना. पांढऱ्या पाकळ्या काळ्या होऊन आत वळल्या. मंदा दोन्ही हात पुढं करून रडत होती, "उची, उची." मी तिचं तोंड माझ्या खांद्यावर दाबलं आणि ह्यांच्याकडे पाहिलं. हे कागदांची घडी घालत होते.

ह्यांचा नवा जिन युगांडात होता; तिथपर्यंतच्या सगळ्या प्रवासात मी बोलले नाही. पुढंही गरजेपुरतंच बोलायची. संसार झाला, कसा होत नाही? क्वार्टर मोठं होतं, बाग होती, तिथल्या बायका चांगल्या होत्या, मला त्यांची भाषा आली. मंदानंतर मला मुलगा झाला. जिनही होता, तीच धडधड, तोच वास, फक्त बंड्या नव्हत्या आणि भिंतीपलीकडे रोडगे भाजणारं कुणी नव्हतं. दसऱ्याच्या सुमारास मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून मनात म्हणायची, आज सीतादही असेल. एखाद्या वेळी भांडणात ते पिंप यायचंच. मी म्हणायची, "माझ्या बापाचा वेचा जाळलात तुम्ही, बोट दाखवून." हे कधीही उलटून बोलले नाहीत. खाली मान घालून ऐकून घ्यायचे. मला वाटायचं, लाज वाटते आहे. चला, निदान लाज तरी वाटते.

चार-पाच वर्षांनी पहिल्यांदा सुट्टीवर आलो. साठचं दशक अर्धं सरलं होतं. गावात वीज आली होती, बाबा वाकले होते आणि मायचे केस पार पिकले होते. आम्ही मुद्दाम वेचणीच्या तोंडावर आलो होतो. सीतादही झाली, दहीभाताचा घास मंदानं भिरकावला, सगळे शेतातून परत आले आणि ओसरीवर पाणी पीत बसले. बाबांनी मायला खूण केली. माय आत गेली, धान्याच्या कोठीमागची पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि ती एक उशी घेऊन बाहेर आली. जाड्याभरड्या मांजरपाटाचा नवा अभ्रा. बाबांनी ती माझ्या मांडीवर ठेवली. ह्यांच्या तोंडावर हसू होतं, लेकराच्या हातात खेळणं देताना असतं तसं.

मी उशी दाबली. ती कुरकुरली.

मी ती पुन्हा दाबून पाहिली. "हे काय आहे?"

"तुही उशी बाई," बाबा म्हणाले. "मंदीची. मी वेचली होती थे."

"ती जळली."

"थे नाई जयली. तिच्यात जिनातला कापूस होता, सरकी काहाडलेला." बाबांना सांगताना आनंद मावत नव्हता. "जवाईबापूनं मले आधीच सांगतलं होतं, तथी कापूस, सरकी काई नेऊ देत नाईत म्हून. मी तुह्या मायले म्हनलं, बदलून टाक भरती, पोरीले कयू देऊ नको. आज पाह्य, जशीच्या तशी हाये."

मी मायकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. उन्हात घालतो म्हणाली होती.

मग ह्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं नं," हे म्हणाले. "म्हूनच तं देऊन टाकली तथी. नाईतर उशी उसवून पाह्यली असती, सारं सामान उघडलं असतं. आपल्या वावरचा कापूस तं सलामत होता."

"आणि इतकी वर्षं मी तुम्हाला बोलत होते?"

"बोलू दिलं. म्हनलं, रागानं का होईना, बायको मोकळी होते." आणि वर हसले. सोसलं होतं ह्यांनी माझ्यासाठी! मोठं मन केलं होतं! मी मागितलं होतं का हे सोसणं?

"मला का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला. मंदा दारात येऊन उभी राहिली.

"तुले रडू आलं असतं बाई," बाबा म्हणाले. "जाताजाता कोन रडवते लेकीले?"

"रडले असते! माझी मी रडले असते! इथं, या ओसरीवर बसून, माझ्या हातांनी उशी उसवून कापूस तुमच्या ओच्यात परत घातला असता. तुम्ही धक्क्यावर रडवलंत मला, परक्या लोकांसमोर!"

बाबांचा चेहरा उतरला, आणि मला त्याचंही वाईट वाटलं, तेवढं पुरे नव्हतं म्हणून. मी मांजरपाटाच्या अभ्र्यावरून हात फिरवला. तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं. एवढा वेळ कापसाविषयीच चाललं होतं.

"आणि अभ्रा?" मी विचारलं.

"कोनता अभ्रा?" हे म्हणाले.

मायनं मान वर केली. तिला कळलं. ती एकटीच होती त्या ओसरीवर, जिला कळलं. हलक्या आवाजात म्हणाली, "थोच राहू द्यावा लागला बाई. दुसरा घातला असता तं तुले समजलं असतं."

म्हणजे हिशेब असा होता. बाबांचा वेचा पेटीत सुखरूप. ह्यांची नोकरी सुखरूप. आणि मला कळू नये म्हणून, जे माझ्या हातचं होतं, माझ्या अमरावतीचं, शेंदूरजन्याच्या बागेतून रुमालात बांधून आणलेलं, तेवढंच त्यांनी पिंपात जाऊ दिलं. वाईट कुणीच नव्हतं. सगळ्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं. मुद्दाम जाळला असता तर मी एखाद्या दिवशी माफही केलं असतं. पण तो अभ्रा कुणाच्या मोजणीतच नव्हता, आणि मीही नव्हते. हे मी आजतागायत माफ केलेलं नाही, आणि करायची इच्छाही नाही.

बाबा गेले, माय गेली, हे गेले. ती उशी माझ्या पलंगावर असते. रात्री कूस बदलली की वावर बोलतं. मी काही उत्तर देत नाही.

तर त्या दिवशी लॉनवर मी पाणीपुरीच्या ठेल्याशी उभी होते, माझ्या जुन्या दारात, आणि नवरी नमस्काराला आली. भावाची नात. हातभर मेंदी, नाकात नथ, गोड पोरगी. अमरावतीला कॉलेज केलेलं, तिथंच नोकरीही होती. नवरा शेजारी सूट घालून. भाचा माझ्या कानाशी ओरडला, कारण गाण्यापुढं ऐकू येत नव्हतं, "आत्या, जावई कॅनडात आहेत! ही पण चालली पुढच्या महिन्यात. तुमच्यासारखीच भाग्याची!"

ती वाकली. मी तिला उठवलं, आणि हात सोडला नाही. माझ्या हाताखाली तिच्या बांगड्या किणकिणत होत्या. जनाबाई ज्या उंबऱ्यावर बसली होती तो जिथं होता, तिथंच माझे पाय होते. इतकी वर्षं मी शुद्ध बोलत आले, पण त्या क्षणी तोंडातून निघालं ते तिचंच निघालं.

"पोरी, तुह्या मनात हाये का जायाचं?"

ती हसली. आणि उत्तर द्यायच्या आधी तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"त्याच्याकडं नको पाहू," मी म्हटलं. "मी तुले इचारलं."